हायस्कूलमध्ये घेतलेले कॉलेजचे कोर्स मेडिकलच्या अर्जात कसे मोजले जातात?

अमेरिकेत दहावी-अकरावीतल्या मुलांनी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखाद-दुसरा कोर्स करणं आता सर्रास झालं आहे. फी कमी किंवा माफ, क्रेडिट्स आधीच पदरात, शिवाय कॉलेजच्या अर्जावर चार ओळी वाढतात. याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. टेक्सासात ड्युअल क्रेडिट, वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्ट, मिनेसोटात पीएसईओ, ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस, अशी नावं वेगवेगळी आहेत. पण मुलाच्या किंवा मुलीच्या मनात पुढे डॉक्टर व्हायचं असेल, तर या कोर्सची ग्रेड शाळेची नसून कॉलेजची कायमची ग्रेड आहे, हे पहिल्या दिवसापासून माहीत हवं. पाच-सहा वर्षांनी मेडिकल स्कूलचा अर्ज भरताना ती जशीच्या तशी जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरली जाते.

गंमत म्हणजे शाळेचा जीपीए तिथे कुणी विचारतही नाही. नववी ते बारावीत किती ऑनर्स कोर्स केले, शाळेत कितवा नंबर आला, याला मेडिकलच्या अर्जात जागाच नाही. त्याच वर्षांत कम्युनिटी कॉलेजात मिळालेल्या केमिस्ट्रीच्या ‘सी’ला मात्र आहे.

पायरी १: आपला कोर्स नक्की कुठल्या प्रकारचा, ते ओळखा

घोळाची सुरुवात बहुधा इथेच होते. तीन प्रकार एकमेकांसारखे दिसतात, पण अर्जात त्यांची गत वेगळी होते.

एपी आणि आयबी (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे अभ्यासक्रम) यांत परीक्षेचा स्कोअर मिळतो, कॉलेजची ग्रेड मिळत नाही. पुढच्या कॉलेजने त्या स्कोअरवर क्रेडिट दिलं आणि ते ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रिकेवर) आलं, तर अर्जात ते एपी किंवा आयबी म्हणून नोंदवायचं. क्रेडिटच्या तासांत त्याची गणना होते, जीपीएत होत नाही. एपी बायोलॉजीत ३ स्कोअर आला तर फार तर क्रेडिट मिळणार नाही. मेडिकलच्या जीपीएला धक्का लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी प्रत्यक्ष कॉलेजात जाऊन किंवा कॉलेजच्या ऑनलाइन वर्गात बसून शिकतो. इथे सहसा कुणाची फसगत होत नाही.

तिसरा प्रकार निसरडा. वर्ग आपल्याच शाळेत, शिकवणारे आपलेच शिक्षक, पण क्रेडिट देतं एखादं विद्यापीठ. कनेक्टिकट विद्यापीठाचा अर्ली कॉलेज एक्सपिरियन्स, सिरॅक्यूज विद्यापीठाचा प्रोजेक्ट ॲडव्हान्स, न्यू जर्सीत सीटन हॉलचा प्रोजेक्ट ॲक्सिलरेशन ही या प्रकारातली नावं. विद्यार्थ्याने कॅम्पस कधी पाहिलेलाही नसतो, म्हणून आपण त्या विद्यापीठाचे विद्यार्थी होतो हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. पण क्रेडिटसाठी नाव नोंदवलं असेल, तर तिथे त्याच्या नावाची ट्रान्सक्रिप्ट आहे. तोच वर्ग क्रेडिटची नोंदणी न करता केला असेल, तर तो फक्त शाळेचा कोर्स.

खात्री करायची सोपी रीत अशी: त्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे (नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात) विचारा की या नावाने ट्रान्सक्रिप्ट निघते का. निघत असेल, तर कोर्स अर्जात दाखवावाच लागेल. पुढच्या कॉलेजने ती क्रेडिट्स मान्य केली नाहीत, कोर्स अर्ध्यात सोडला, किंवा तो मेजरशी (पदवीच्या मुख्य विषयाशी) संबंधित नव्हता, तरीही यात फरक पडत नाही.

महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी एक खुलासा. आपल्याकडे अकरावी-बारावीला ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणतात, पण ते शिक्षण उच्च माध्यमिक आहे. बारावी करून अमेरिकेत पदवीला आलेल्यांनी एचएससीचे विषय कॉलेजचे कोर्स म्हणून भरायचे नाहीत.

पायरी २: आकडेमोड समजून घ्या

एमडी (अमेरिकेतली डॉक्टरकीची नेहमीची पदवी) देणाऱ्या बहुतेक मेडिकल स्कूलांचे अर्ज ॲमकास या सामाईक सेवेतून जातात. ही सेवा एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना चालवते. ॲमकास तुमच्या कॉलेजचा छापील जीपीए घेत नाही. सगळ्या कॉलेजांचे सगळे कोर्स एकत्र करून ती स्वतः नव्याने हिशोब करते: ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, सी २.०. ए प्लसलाही ४.०च. कोर्स दोनदा केला असेल तर दोन्ही ग्रेड धरल्या जातात. कॉलेजने जुनी ग्रेड पुसून नवी लावली असली तरी इथे ती पुसली जात नाही.

हायस्कूलमध्ये केलेले कॉलेजचे कोर्स तक्त्यात ‘हायस्कूल’ अशा वेगळ्या ओळीत दिसतात. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही ग्रेड पंधरा-सोळाव्या वर्षातली आहे. पण एकूण पदवीपूर्व जीपीएत ती ओळ धरलेली असते.

त्याशिवाय बीसीपीएम नावाचा वेगळा जीपीए निघतो: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ. स्टॅटिस्टिक्स मॅथमध्ये मोडतं, ॲनाटमी-फिजिऑलॉजी बायोलॉजीत. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्स मात्र बाहेर.

एक उदाहरण घेऊ. हायस्कूलमध्ये २४ क्रेडिट्स, सरासरी ३.०. नंतर कॉलेजच्या तीन वर्षांत ९० क्रेडिट्स, सरासरी ३.८. विद्यार्थी मनात ३.८ धरून बसलेला असतो. ॲमकासचा आकडा: २४ गुणिले ३ म्हणजे ७२, ९० गुणिले ३.८ म्हणजे ३४२, बेरीज ४१४, भागिले ११४, म्हणजे ३.६३. एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए अलीकडे ३.८च्या आसपास असतो. तेव्हा हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

बीसीपीएममध्ये मार अधिक बसतो, कारण तिथे एकूण क्रेडिट्सच कमी. समजा कॉलेजात विज्ञान-गणिताची ४४ क्रेडिट्स ३.७५ने केली, पण हायस्कूलमध्ये पाच-पाच क्रेडिट्सच्या केमिस्ट्रीच्या दोन कोर्सना ‘सी’ होता. जीपीए येतो ३.४३. तो ३.६वर न्यायला त्यापुढे सुमारे २४ क्रेडिट्स, म्हणजे चार क्रेडिट्सचे सहा सायन्स कोर्स, सगळ्यांत ‘ए’ काढून करावे लागतील. त्याच दोन कोर्सना ‘ए’ असता तर आकडा ३.८० झाला असता. म्हणजे फायदाही खरा आहे आणि तोटाही. पण ३.७५चं ३.८० झालं म्हणून प्रवेशाचं पारडं फारसं हलत नाही. ३.४३ झालं तर हलतं.

डीओ (ऑस्टिओपॅथिक डॉक्टर) या पदवीच्या अर्जांची सेवा ॲकोमास. तिच्या सायन्स जीपीएत गणित धरत नाहीत. पूर्वी तिथे कोर्स पुन्हा केला की जुनी ग्रेड वगळत. ही सवलत २०१७मध्ये संपली, तरी जुन्या सल्ल्यांमध्ये ती अजून जिवंत आहे. टेक्सासची वेगळी सेवा टीएमडीएसएएस. ती प्लस-मायनस बघत नाही: ए मायनसलाही ४, आणि बी प्लसलाही ३च.

पायरी ३: नाव नोंदवण्याआधी विषय निवडा

आमचं स्पष्ट मत: मेडिकलकडे कल असेल तर हायस्कूलमध्ये कॉलेजचे कोर्स कमी घ्या, आणि लॅबचे सायन्स कोर्स सहसा घेऊ नका. इंग्रजी रचना, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इतिहास, स्टॅटिस्टिक्स हे विषय त्या वयाला जमणारे आहेत आणि पुढे उपयोगीही पडतात. बरीच मेडिकल स्कूलं इंग्रजी मागतात, काही स्टॅटिस्टिक्स. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या एका विभागात आहेत.

लॅब सायन्स टाळण्याची कारणं तीन. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स या मेडिकलच्या मूळ अटी. या विषयांत तुम्ही चार वर्षांच्या कॉलेजात, पूर्ण अभ्यासक्रमाच्या भाराखाली कसे उतरता, हे निवड समितीला पाहायचं असतं. दुसरं, एमकॅट बहुतेक जण तिसऱ्या वर्षाच्या आसपास देतात. सोळाव्या वर्षी केलेलं फिजिक्स तोवर चार वर्षं शिळं झालेलं असतं. तिसरं कारण शिफारसपत्रांचं. बरीच मेडिकल स्कूलं सायन्सच्या दोन प्राध्यापकांची पत्रं मागतात. मूळ कोर्स हायस्कूलमध्येच उरकले, तर ओळखणारे प्राध्यापक मिळण्याच्या दोन-तीन संधी गेल्या. कम्युनिटी कॉलेजच्या ज्या प्राध्यापकांनी तुम्हाला अकरावीत शिकवलं, त्यांचं पत्र पाच वर्षांनी कामाचं नसतं.

शाळेत एपी आणि ड्युअल एनरोलमेंट दोन्हींची सोय असेल, तर अवघड सायन्ससाठी एपी घ्या. ते बिघडलं तरी नुकसान शाळेच्या जीपीएपुरतं राहतं. मात्र एपीची क्रेडिट्स मूळ अट म्हणून चालतात का, हे प्रत्येक मेडिकल स्कूलवर अवलंबून आहे: काही मान्य करतात, काही त्याच विषयातला वरच्या पातळीचा कोर्स मागतात, काही मुळीच धरत नाहीत. कम्युनिटी कॉलेजच्या आणि ऑनलाइन कोर्सचंही तसंच. एएएमसीच्या एमएसएआर या डेटाबेसमध्ये प्रत्येक मेडिकल स्कूलचे नियम मिळतात. त्यासाठी वर्गणी भरावी लागते, पण ती भरण्याजोगी आहे. आपल्या राज्याची सरकारी मेडिकल स्कूलं आधी तपासा, कारण प्रवेशाची शक्यता तिथेच जास्त.

नोंदणीआधी कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (सेमिस्टरऐवजी तिमाही सत्रांचं) आहे का, हेही बघा. बे एरियातली डी अँझा आणि फुटहिल, सिएटलजवळचं बेलव्ह्यू कॉलेज क्वार्टरवर चालतात, आणि मराठी घरांतली बरीच मुलं तिथे जातात. क्वार्टरचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरच्या क्रेडिटचा दोन तृतीयांश. पाच क्रेडिट्सचा कोर्स अर्जात ३.३ होतो. ‘एक वर्ष जनरल केमिस्ट्री’ ही अट तिथे तीन क्वार्टरनी पुरी होते. दोन करून थांबलात आणि उरलेला भाग सेमिस्टरच्या कॉलेजात शोधायला गेलात, तर तो तुकडा जुळत नाही, सहसा सगळी मालिका पहिल्यापासून करावी लागते. मालिका सुरू केलीत तर त्याच कॉलेजात संपवा.

किती घ्यायचे? एका सत्रात एक. तो नीट झेपला, तर पुढच्या सत्रात फार तर दोन. शाळेचे सहा-सात विषय आणि खेळ किंवा वाद्य, यांच्या वर कॉलेजचा एक कोर्स म्हणजे आठवड्याला नऊ ते बारा तासांचं काम धरून चाला.

पायरी ४: सत्र बिघडतंय असं वाटलं तर

प्रत्येक कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा शोधा आणि भिंतीवर लावा. पहिली ‘ड्रॉप’ची: तिच्याआधी कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. दुसरी ‘विथड्रॉवल’ची: तिच्याआधी सोडला तर ‘डब्ल्यू’ लागतो. डब्ल्यू अर्जात दाखवावा लागतो, पण जीपीएत धरत नाहीत. हायस्कूलमधल्या एकुलत्या एका डब्ल्यूकडे कुणी फारसं बघत नाही, म्हणून ‘सी’च्या वाटेवर असलेल्या सायन्स कोर्सपेक्षा डब्ल्यू बरा. तीन-चार साठले तर मात्र प्रश्न विचारले जातात.

वर्गात जाणं बंद केलं की कोर्स आपोआप सुटतो, हा समज महागात पडतो. शाळेच्या काउन्सेलरला सांगून भागत नाही, कॉलेजच्या पोर्टलवर विद्यार्थ्याने स्वतः विथड्रॉ करावं लागतं. न केल्यास ‘एफ’ लागतो आणि जीपीएत शून्य धरलं जातं. उलट, कॉलेजचा कोर्स सोडल्याने हायस्कूल पूर्ण करायला लागणारं क्रेडिट कमी पडत नाही ना, हे काउन्सेलरला आधी विचारा.

आईवडिलांनाही इथे एक धक्का बसतो. फर्पा या कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात दाखल झाला की कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क त्याचा, वय सोळा असलं तरी. रजिस्ट्रार सहसा त्याची लेखी संमती मागतात. म्हणून ईमेल, फोन, अर्ज हे सगळं मुलाने करायचं. त्याची सवय लागलेली बरीच.

पायरी ५: हायस्कूल संपताना

जिथे जिथे कोर्स केला, त्या प्रत्येक कॉलेजसाठी एक पान तयार करा: कॉलेजचं पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, नोंदणीवेळचं नाव, सत्र आणि वर्ष, कोर्स क्रमांक, क्रेडिट्स, ग्रेड. सोबत अभ्यासक्रमाची प्रत ठेवा, विशेषतः लॅब होती हे दाखवणारी. पोर्टलवर कॉलेजच्या ईमेलऐवजी स्वतःचा ईमेल टाका, कारण कॉलेजचं खातं पुढे बंद होतं. वाचनालयाचा दंड किंवा पुस्तकाचे पैसे राहिले असतील तर ते फेडा. किरकोळ थकबाकीपोटी ट्रान्सक्रिप्ट अडकू शकते.

नावाचं प्रकरण आपल्या घरांत जास्त होतं. एका कागदावर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर ते गायबच. एच-४ व्हिसावरच्या मुलांना तेव्हा सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतो, नंतर मिळतो, त्यामुळे जुनी नोंद नव्या क्रमांकाशी जुळत नाही. ॲमकासच्या अर्जात पर्यायी नावं आणि ओळख क्रमांक भरायची जागा आहे, ती रिकामी सोडू नका.

मग नव्या कॉलेजात क्रेडिट्स वळती करायची का? पदवीसाठी उपयोगी असतील तर जरूर करा. मेडिकलच्या दृष्टीने मात्र वळती केली काय, न केली काय, ग्रेड मोजलीच जाते. ‘जनरल केमिस्ट्री पुन्हा करू का?’ हा प्रश्न खरा महत्त्वाचा. हायस्कूलमध्ये ‘ए’ असेल आणि विषय डोक्यात पक्का असेल, तर पुन्हा करू नका. थेट ऑरगॅनिकला जा, नंतर बायोकेमिस्ट्रीसारखे वरचे कोर्स करा. ‘बी’ असेल तरीही बहुधा पुढेच जाणं शहाणपणाचं. ‘सी’ किंवा त्याखाली असेल तर पुन्हा करा, कारण बरीच मेडिकल स्कूलं मूळ अटीत सीच्या खालची ग्रेड धरत नाहीत, आणि पाया कच्चा ठेवून ऑरगॅनिकला जाणं अवघड जातं. दोन्ही ग्रेड मोजल्या जातील हे धरूनच निर्णय घ्या.

साठ क्रेडिट्स आणि असोसिएट पदवी घेऊन हायस्कूल संपवणाऱ्यांना तीन किंवा दोन वर्षांत पदवी उरकण्याचा मोह होतो. आमच्या मते तो आवरावा. रुग्णांबरोबरचे तास, संशोधन, प्राध्यापकांची ओळख यांना वेळ लागतो, आणि मेडिकलला प्रवेश घेणाऱ्यांचं सरासरी वय २४च्या आसपास आहे. एकोणिसाव्या वर्षी केलेला अर्ज बहुधा ग्रेडच्या बाबतीत भरलेला आणि बाकी बाबतीत रिकामा असतो. वाचलेला वेळ दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत घालवा.

पायरी ६: प्रत्यक्ष अर्ज

ॲमकासचा अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेच्या अखेरीपासून सादर करता येतो. काम या क्रमाने करा.

१. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट स्वतःसाठी मागवा. आठवणीवरून कोर्स भरू नका.

२. अर्ज उघडताच सगळी कॉलेजं भरा. कम्युनिटी कॉलेज बंद झालं किंवा दुसऱ्यात विलीन झालं असेल, तर नोंदी कुणाकडे गेल्या ते शोधा. कनेक्टिकटमधली बारा कम्युनिटी कॉलेजं २०२३मध्ये एकत्र झाली, तसं इतरत्रही घडतं.

३. प्रत्येक कॉलेजसाठी ॲमकासचा ट्रान्सक्रिप्ट मागणी अर्ज तयार करा. त्यावर क्रमांक असतो. ट्रान्सक्रिप्ट मागवताना, पार्चमेंट या ऑनलाइन सेवेवरून असो की नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसवरून, तो जोडा. क्रमांकाशिवाय पोचलेली ट्रान्सक्रिप्ट तुमच्या अर्जाशी जुळायला वेळ लागतो.

४. कोर्स जिथे केला त्याच कॉलेजखाली भरा. सध्याच्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर तो ‘ट्रान्सफर’ म्हणून दिसेल, तिथे पुन्हा भरायचा नाही. वर्षाच्या रकान्यात ‘हायस्कूल’ निवडा. क्वार्टरची क्रेडिट्स ट्रान्सक्रिप्टवर आहेत तशीच लिहा, रूपांतर ॲमकास करते.

५. सादर केल्यावर रोज स्थिती बघा. सगळ्या ट्रान्सक्रिप्ट पोचल्याशिवाय अर्ज तपासणीच्या रांगेतच लागत नाही. रांगेत लागल्यावर गर्दीच्या दिवसांत सहा आठवड्यांपर्यंत वेळ जातो. म्हणजे तीन क्रेडिट्सच्या एका जुन्या कोर्सची ट्रान्सक्रिप्ट अडली, तर अख्खा अर्ज थांबतो, आणि जिथे जागा जसजशा भरत जातात तशा मुलाखती होतात, तिथे महिनाभराचा उशीर भोवतो.

जुनी वाईट ग्रेड आधीच पदरी असेल तर

ती लपवू नका. कॉलेजांच्या नोंदी सहज पडताळता येतात, आणि वगळलेला कोर्स उघड झाला तर मुद्दा ग्रेडचा राहत नाही, प्रामाणिकपणाचा होतो. त्यावरून चौकशी होऊ शकते आणि मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. वैयक्तिक निबंधात या ग्रेडवर शब्द खर्च करू नका. दुय्यम अर्जात (ॲमकासनंतर प्रत्येक मेडिकल स्कूल स्वतः मागते त्या अर्जात) शैक्षणिक अडचणींबद्दल प्रश्न असेल, तिथे दोन-तीन वाक्यं पुरेत: कोर्स कोणत्या इयत्तेत केला, काय चुकलं, त्याच विषयात पुढे काय ग्रेड मिळाल्या. तेव्हा शिक्षक कसे वाईट होते, हे लिहू नका.

अर्ज सादर केल्यावर विसरलेला कोर्स आठवला, तर दुसऱ्या कुणाच्या लक्षात येण्याची वाट बघू नका. त्याच दिवशी ॲमकासला कळवा, कॉलेजचं नाव आणि सत्र सांगा, ट्रान्सक्रिप्ट पाठवायला लावा. अर्ज मेडिकल स्कूलांकडे पोचला असेल, तर प्रत्येक प्रवेश कार्यालयाला चार ओळींचा ईमेल पाठवा: कोणता कोर्स, कोणती ग्रेड, कसा राहून गेला, आणि ट्रान्सक्रिप्ट कोणत्या तारखेला मागवली.